टाळी कुठल्या अक्षरावर?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावर रिकामी खोकी साठतात तसे ते आपोआप साठत जातात, आणि एक दिवस कुणीतरी माळा उघडतं नि सगळे एकदम डोक्यावर येतात. आमच्या इटालियन क्लासचं तसंच झालंय. आम्ही जुनी मंडळी भेटलो की चहा यायच्या आतच कुणाची तरी बोटं टेबलावर वाजायला लागतात. मग जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी उठत नाही.

हो, इटालियन! आणि तेही डोंबिवलीत! नव्वदच्या आसपासची गोष्ट. जर्मन शिकतो म्हटलं तर लोक कौतुक करायचे, इटालियन म्हटलं की विचारायचे, "का रे, तिकडे कोण आहे तुझं?"

भानगड अशी होती. उत्तर इटलीत नन्सनी चालवलेलं म्हाताऱ्या माणसांचं एक हॉस्पिटल होतं. त्यांना भारतातून नर्सेस हव्या होत्या. अट एकच, पेशंटशी त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे, आणि ते बघायला तिकडून नन्स येऊन मुलाखत घेणार. डोंबिवली पूर्वेला लेले बाई राहायच्या. मुंबईत एका इटालियन जहाज कंपनीत सेक्रेटरी म्हणून त्यांनी उभी हयात काढलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी हॉलमध्येच या नर्सेसचा क्लास सुरू केला. शिकवायचं ते सगळं दवाखान्यातलं. अवयव, आजार, औषधं.

मी काही नर्स नाही. मी हॉस्पिटलची मशिनं दुरुस्त करणारा इंजिनियर. आमच्या कंपनीची मशिनं यायची इटलीहून, त्यांची माहितीची पुस्तकंही इटालियनमध्ये, आणि मशीन बिघडलं की मी त्या पुस्तकातली चित्रं बघत बसायचो. म्हणून मीही नाव घातलं. बाई मला शेवटपर्यंत "इंजिनियर" म्हणाल्या. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

*

पहिल्या दिवशी बाईंनी शब्द दिला, "फेगातो". म्हणजे लिव्हर. आम्ही आपल्या पद्धतीने तिन्ही अक्षरं सारखी, सपाट म्हणून टाकली. बाईंनी कानांवर हात ठेवले.

"शब्द आधी हातातून गेला पाहिजे, मग तोंडातून," त्या म्हणाल्या.

बाईंचे वडील तबला शिकवायचे, त्यामुळे त्यांची पद्धत घरचीच होती. शब्दाची अक्षरं पाडायची. दर अक्षराला टेबलावर बोट वाजवायचं आणि ज्या अक्षरावर जोर असेल तिथे टाळी. फे-गा-तो, टाळी, बोट, बोट. स्तो-मा-को, म्हणजे पोट, तेही तसंच. पण पोल-मो-ने, म्हणजे फुफ्फुस, तिथे बोट, टाळी, बोट!

मी विचारलं, "बाई, टाळी कुठे मारायची ते शब्दाकडे बघून कळतं का?"

"बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर," बाई म्हणाल्या. "पण शरीरातले निम्मे अवयव हा नियम पाळत नाहीत."

कुंदा नावाची एक नर्स होती, कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यातल्या दवाखान्यात काम करायची. बोलायला एकदम फटाका. ती म्हणाली, "म्हणजे शाळेत वृत्तं सोडवायचो तसंच की. लघु, गुरू."

"तसं नाही. इथे शब्दाला गुरू एकच, बाकी सगळे शिष्य. आणि एक लक्षात ठेवा. तुमचं व्याकरण चुकलं तर इटालियन माणूस हसून सोडून देईल. टाळी चुकली तर त्याला तुमचं बोलणंच कळणार नाही. तो माणूस खाटेवर पडलेला असेल आणि तुम्ही त्याला औषध कधी घ्यायचं ते सांगत असाल, तर?"

हे ऐकल्यावर आम्ही अशा टाळ्या वाजवायला लागलो की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले.

*

बाईंच्या खालच्या मजल्यावर डॉक्टर परांजपे राहायचे. रिटायर्ड, सत्तरीचे, तापट. आमच्या ठोकाठोकीला कंटाळून एका संध्याकाळी ते काठी आपटत वर आले.

"बाई, हे भजनी मंडळ किती दिवस चालणार आहे?"

त्याच वेळी आम्ही "आप्पेन्दिचीते" वाजवत होतो. आप-पेन-दि-ची-ते. बोट, बोट, बोट, टाळी, बोट. डॉक्टर दारातच थांबले. त्यांनी आयुष्यभर लोकांची अपेंडिक्सं कापलेली. जुन्या ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"परत म्हणा बघू," ते म्हणाले.

आम्ही परत म्हटलं. ते चपला काढून आत आले, खुर्चीवर बसले, आणि त्यानंतर त्यांनी एकही क्लास चुकवला नाही. फक्त त्यांची वाजवायची पद्धत आमच्यासारखी नव्हती. छाती तपासताना डॉक्टर कसं करतात? डाव्या हाताचं बोट छातीवर पालथं ठेवायचं आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने टकटक करायची. परांजपे टेबलावर तेच करायचे, आणि वर कान लावून आवाज ऐकायचे!

बाईंनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "डॉक्टर, टेबलाला न्यूमोनिया झालेला नाही."

*

कुंदा सगळ्यात उत्साही. तिने हा प्रकार थेट दवाखान्यात नेला. कारखान्यातला कामगार इंजेक्शनला आला की त्याच्या दंडावर बोटं वाजवत ती मनात शब्द म्हणायची, आणि टाळीच्या अक्षरावर सुई!

हळूहळू कामगारांच्या हे ध्यानात आलं. सुई टाळीला येते म्हटल्यावर ते टाळीची वाट बघायला लागले. कोण दात आवळायचं, कोण डोळे मिटायचं. "फेगातो" तर कुणालाच आवडायचा नाही, कारण त्यात पहिल्याच अक्षराला सुई.

एक आडदांड मिस्त्री होता. भट्टीजवळ काम करणारा, कुणाला न घाबरणारा, पण सुईला मात्र भयंकर भ्यायचा. एकदा तो बाही वर करून बसला आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, तो परवाचा लांबलचक घ्या ना. एलेत्रो का काय तो. त्यात जरा वेळ मिळतो."

कुंदाने हे क्लासमध्ये सांगितलं तेव्हा बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. एलेत्त्रोकार्दियोग्राम्मा, म्हणजे आपला कार्डिओग्राम. सात अक्षरी शब्द, आणि टाळी थेट सहाव्या अक्षरावर. आमच्या क्लासचं ते राष्ट्रगीतच होतं म्हणा ना.

*

आता "एदेमा"चं भांडण. एदेमा म्हणजे सूज. बाईंकडे दोन कॅसेट होत्या. एकीतला माणूस पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा, दुसरीतला दुसऱ्या. बाई पहिलीच्या बाजूने, डॉक्टर दुसरीच्या. आठवडाभर दोघं एकमेकांसमोर टाळ्या वाजवत होते. बाईंनी डॉक्टरांना चहा द्यायचाही बंद केला, बोला!

मला सुदैवाने लवकरच संधी मिळाली. ठाण्याला एका हॉस्पिटलमध्ये आमचं नवं मशीन बसवायला इटलीहून दोन इंजिनियर आलेले. मी म्हटलं, आता साक्षात इटालियन माणसंच समोर उभी आहेत, विचारून टाकू. मशीनचं झाकण उघडलेलं, तारा लोंबतायत, आणि मी जाऊन विचारलं, "साहेब, एदेमा. टाळी कुठे?"

पहिला म्हणाला, पहिल्यावर. दुसऱ्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, छे, दुसऱ्यावर. पहिला म्हणाला, माझी आई नर्स होती. दुसरा म्हणाला, माझा मामा डॉक्टर आहे. मग दोघंही हातवारे करत जे सुरू झाले ते जेवणाच्या सुट्टीतही थांबेनात. मशीन संध्याकाळपर्यंत तसंच उघडं. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर येऊन मला विचारतात, "काही मोठा फॉल्ट आहे का?" काय सांगणार? मी म्हटलं, "सूज आहे, उतरेल."

बाईंना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतः उठून डॉक्टरांना चहा आणून दिला.

"म्हणजे डॉक्टर, आपण दोघं आता खरे इटालियन झालो," त्या म्हणाल्या.

*

आणि आता रत्ना.

रत्ना कल्याणची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. कल्याणला एका खाजगी हॉस्पिटलात नर्स होती. हात असा हलका की सुई टोचलेली कळायची नाही. पण ती बोलताना अडखळायची, आणि सगळ्यात जास्त अडखळायची ती स्वतःच्या नावावर. "र" वर गाडी अडायची ती पुढेच सरकायची नाही. त्यामुळे हॉस्पिटलने तिला कायमचं ऑपरेशन थिएटरमध्ये टाकलेलं. भूल दिलेल्या माणसाशी बोलावं लागत नाही ना!

क्लासमध्ये ती कधीच तोंड उघडायची नाही. आमच्याबरोबर टाळ्या मात्र वाजवायची आणि तिची एकही टाळी चुकायची नाही. एकदा कुंदाने तिला सरळ विचारलं, "अगं, तुला इथे दोन शब्द बोलवत नाहीत, तू इटलीत जाऊन काय करणार?"

रत्नाला उत्तर पुरं करायला खूप वेळ लागला. आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलेलो. ती म्हणाली, "इथे सगळ्यांना माहीत हाय मी अडखळते. मी तोंड उघडायच्या आधीच लोक माझं वाक्य पुरं करतात. तिथे कुणाला माहीत नाय. मना वॉर्डात काम करायचंय. माणसांशी बोलायचंय."

त्यानंतर तिला कुणी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून क्लासमधल्या प्रत्येकाला मनातून एकच वाटायचं, बाकी कुणाचं काही होवो, हिचं झालं पाहिजे. मला तर फारच वाटायचं.

एका संध्याकाळी क्लास चालू असताना लाईट गेले. पंखा बंद, सगळं शांत. बाईंनी मेणबत्ती शोधता शोधता अंधारातच विचारलं, "इन-फेर-मिए-रा, नर्स. वाक्यात कोण सांगतंय?"

अंधारातून एक आवाज आला. सावकाश, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं, जोर अगदी जागच्या जागी. मी नर्स आहे, मी कल्याणला राहते, मला म्हातारी माणसं आवडतात. आख्खं इटालियनमध्ये! कुठे अडणं नाही, थांबणं नाही. आमच्यातलं कुणीच तो आवाज ओळखेना.

"कोण ते?" बाईंनी विचारलं.

मेणबत्ती लागली तेव्हा रत्ना मान खाली घालून बसलेली. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, खाली बादली होती. टप, टप, टप. त्या थेंबांवर ती बोललेली! दर थेंबाला एक अक्षर.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, ठोका धरून बोललं की काही माणसांची जीभ मोकळी होते. पण हिचं जरा निराळं होतं. स्वतः बोट वाजवलं तर उपयोग नाही. एकटी घाबरली की जिभेबरोबर बोटही अडायचं. ठोका दुसऱ्याचा हवा, बाहेरून आलेला.

दुसऱ्या दिवशी बाईंचा प्लंबर आला, त्याला आधीच निरोप गेलेला. बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवला.

"आता मुलाखतीनंतर या," त्या म्हणाल्या.

*

रत्नाची आई कल्याणच्या मार्केटात मासे विकायला बसायची. ठोक्याचं कळल्यावर रत्ना ड्यूटी संपली की आईशेजारी जाऊन बसायला लागली. आईचा कोयता लाकडावर पडायचा आणि त्यावर रत्ना शब्द म्हणायची. आईला इटालियनचं काय कळणार? पण तिला एवढं कळत होतं की पोरगी बोलतेय. मग रत्नाचा शब्द सुरू झाला की ती कोयता मध्येच थांबवायची नाही. शब्द संपेपर्यंत मारत राहायची.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी एका रविवारी गेलो आणि म्हटलं, "मावशी, एवढ्या सुरमईच्या पाच तुकड्या करा." शेजारी रत्ना तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. घरी येऊन पिशवी उघडली तर पाचाच्या जागी सात तुकड्या, आणि त्या पापडासारख्या पातळ! बायको माझ्यावरच चिडली.

पुढच्या रविवारी मी मावशींना जाब विचारला. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "काय करू दादा, त्या दिवशी सबुद मोठा होता."

*

मुलाखत ठाण्याला, एका कॉन्व्हेंट शाळेत. इटलीहून त्या हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्य नन, स्वतः आलेल्या. बाईंनी आदल्या दिवशी सक्त ताकीद दिलेली, "टाळ्या नाहीत. बोटं नाहीत. दोन्ही हात टेबलावर, गप्प." कुंदाने घाबरून विचारलं, "पायाचा अंगठा?" तोही नाही.

मग रत्नाचं काय? डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी बाहेर बाकावर बसतो आणि काठी आपटत राहतो. म्हाताऱ्याच्या काठीकडे कोण बघतंय?"

योजना फक्कड होती. पण शाळेत परीक्षा चालू होती. डॉक्टरांनी काठी दोनदा आपटली असेल नसेल, शिपाई आला आणि "आजोबा, पोरं पेपर लिहितायत" म्हणत त्यांना थेट गेटबाहेर नेऊन बसवलं. मीही त्यांच्याबरोबर गेलो. मदतीला म्हणून फक्त लेले बाई आत होत्या, त्यामुळे पुढचं सगळं बाईंनी सांगितलेलं.

कुंदा आत गेली आणि शरीरातले सगळे अवयव एका दमात म्हणून बाहेर आली. मग रत्ना. सिस्टरनी हसून नाव विचारलं.

रत्ना "र" वर अडली.

बाई सांगतात, खोलीत घड्याळ नव्हतं. पंखा नवा, त्याचा आवाज नाही. बाहेर डॉक्टरांची काठी नाही. सिस्टर वाट बघतायत आणि रत्नाचे ओठ नुसते हलतायत. बाईंना वाटलं, संपलं. त्यांचे स्वतःचे हात आपोआप टाळीसाठी वर आले, आणि त्यांनी ते कसेबसे मांडीखाली दाबून धरले.

इतक्यात रत्ना उठली. टेबलाला वळसा घालून सिस्टरच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली आणि तिने त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडीवर तीन बोटं ठेवली. सिस्टरना वाटलं, मुलगी नाडी बघून दाखवतेय.

आणि रत्ना बोलायला लागली!

नाव सांगितलं. गाव सांगितलं. आई काय करते ते सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर, जोर जागच्या जागी. सिस्टरनी विचारलं, एखादे आजोबा जेवायला नाहीच म्हणाले तर काय करशील? त्याचंही तिने भलंमोठं उत्तर दिलं. मनगट शेवटपर्यंत सोडलं नाही. मध्ये तीन-चार वेळा शब्दाच्या ऐन मध्यावर ती थांबली. पण दर वेळी ती पुढे गेली.

सिस्टर बाईंना दाराशी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाकीच्या मुलींनी मला पेशंटची काळजी कशी घेतात ते सांगितलं. हिने सगळा वेळ माझा हात धरला. आमच्या म्हाताऱ्यांना दुसरं काही नको असतं. हिला पहिल्या तुकडीत पाठवा, वॉर्डात."

बाई गेटपर्यंत पळत आल्या. पळत! डॉक्टरांनी भर रस्त्यात काठी हवेत फिरवली आणि मी त्या शिपायालाच मिठी मारली. कुंदाचीही निवड झाली होती, ती तर भावाच्या स्कूटरवर मागे बसून ओरडतच गेली.

आम्ही रिक्षा केली. मागे बाई, डॉक्टर आणि मध्ये रत्ना, मी ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. बाईंना इतका आनंद झालेला, तरी शेवटी त्यांच्यातली मास्तरीण गप्प बसेना.

"रत्ना, सगळं छान बोललीस गं. फक्त ते शब्दाच्या मध्येच तीन-चारदा का थांबलीस?"

रिक्षाचं मीटर टिकटिक करत होतं. रत्नाने क्षणभर ते ऐकलं, आणि त्याच्यावर ठोका धरून म्हणाली, "बाई, मी नाय थांबले. त्यांची नाडी थांबत होती. त्यांना म्हणावं, लवकरात लवकर ए-लेत-त्रो-कार-दियो-ग्राम-मा काढून घ्या."